टाकीखालची टाकी

"थांब गं. आत्ताच टाकलंस तू."

"कधी?"

"मी कप विसळत होतो तेव्हा."

"काहीतरीच. सकाळपासून उपाशी आहेत ते. बघ कसे काचेपाशी आलेत."

काचेपाशी ते आले होते, यात काही खोटं नव्हतं. हातात डबा दिसला की ते येतच. माशाकडे बघून त्याचं पोट भरलंय की नाही ते कधीच कळत नाही, असं एके काळी तिनंच त्याला सांगितलं होतं. त्यानं हात पुढे करेपर्यंत डबा कलंडला होता. तपकिरी चुरा पाण्यावर पसरला. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी वर झेपावली, पिवळा मासा दगडामागून बाहेर आला, आणि जे कुणाच्याच तोंडी लागलं नाही ते हळूहळू खाली जाऊन आधीच्या खेपांच्या थरावर बसलं.

तिनं झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला आणि समाधानानं बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळानं ती पुन्हा उठणार, हे त्याला ठाऊक होतं. तो आपल्या टेबलाकडे वळला, पण काम काही सुचेना.

लोक त्याला काटेवाला म्हणत. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. "खोट माझ्यात असेल, काट्यात नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पूर्वी हत्यारांची पेटी घेऊन तो गावभर फिरायचा. आता तिला एकटं सोडता येत नसल्यामुळे लोक काटे घरी आणून देत, आणि बाहेरच्या खोलीत टाकीसमोरच त्यानं टेबल मांडलं होतं.

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिथला नाजूक तराजू बिघडला म्हणून तो पहिल्यांदा गेला, तेव्हा तिनं दारातच बजावलं होतं, "श्वास रोखून काम कर. फुंकर लागली तरी काटा हलतो." तराजूवाल्याला तराजू शिकवणारी ती पहिलीच. त्या वर्षी तो तराजू नको तितक्या वेळा बिघडला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, त्यानंतर ही टाकी आली. "घर गप्प झालं की माणसं कुत्रं आणतात, हिनं समुद्र आणला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मीठ मोजून पाण्यात कालवणं, पाणी तपासायला नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकून रंग बघणं, दगडांवरची पोवळी उघडमीट करतात ते तासन्‌तास बघत बसणं, हे सगळं तिचं. तो त्यात कधी पडला नाही. उलट खाऱ्या हवेनं त्याची पितळी वजनं काळवंडत, म्हणून कुरकुरायचा.

मग ती विसरायला लागली. आधी शब्द, मग वार, मग गॅस बंद करणं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते त्यानं पुन्हा कधी उच्चारलं नाही. दोन वर्षांत अशी वेळ आली की आंघोळ कर म्हणावं लागे, बटणं लाव म्हणावं लागे, तोंडातला घास चाव म्हणावं लागे. कुणी न सांगता, आपण होऊन ती एकच गोष्ट करायची. बाकावरून उठायची, डबा घ्यायची, माशांना खाणं टाकायची.

आणि पाणी सडत चाललं होतं. काचेवर तपकिरी साय धरू लागली. पोवळी मिटून गेली ती उघडेनात. खोलीत शिरलं की ओहोटीच्या चिखलासारखा वास यायचा.

त्यानं डबा कपाटावर लपवून ठेवला.

तिनं सगळे खण उपसले. त्याच्या वजनांची पेटी जमिनीवर पालथी केली. नंतर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. 

"अरे, तू असा नव्हतास. मुकी जनावरं ती. काय घोडं मारलंय त्यांनी तुझं?"

"मी टाकतो ना. हे बघ, तुझ्यासमोर टाकतो."

तेवढ्यापुरती ती शांत झाली. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना तिनं स्वयंपाकघरातलं पीठ आणून टाकीत ओतलं. तो बाहेर आला तेव्हा टाकी दुधानं भरल्यासारखी दिसत होती आणि ती पिठाचे हात पुसत म्हणाली, "जेवले एकदाचे."

तो दिवस त्यानं बादल्या उचलण्यात काढला. जुनं पाणी उपसायचं, नवीन मिठाचं पाणी ओतायचं. कंबर मोडून गेली. तरी सकाळी पिवळा मासा तळाशी आडवा पडलेला होता.

त्यानं तिला खरं ते सांगितलं. घरातलं माणूस गेल्यासारखी ती रडली. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं विचारलं, "पिवळा कुठंय?" त्यानं पुन्हा सांगितलं. ती पुन्हा पहिल्यासारखीच रडली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दगडामागे आहे."

मग खुर्चीवर चढून त्यानं कपाटावरचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला.

माशांचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. मालकिणीला सगळे मासेवाली म्हणत, त्यामुळे "खायचे नाहीत हो, बघायचे" हे तिला दिवसभर कुणाला ना कुणाला सांगत बसावं लागे. काटेवाला एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात बायकोचं मनगट धरून दुकानात गेला. मासेवालीनं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी गर्द लाल झालं.

"हे पाणी नाही, गटार आहे," ती म्हणाली. "खाण्याचा डबा काढून घ्या त्यांच्याकडून."

"घेतला होता. पीठ टाकलं तिनं."

"मग टाकीच मोडा. मासे मी घेऊन जाते. माझ्याकडे नीट राहतील."

बायको त्याचा हात सोडवून एकेका टाकीसमोर वाकून बघत होती.

"ती आता आपण होऊन एवढंच करते," तो म्हणाला. "घास गिळ म्हणूनसुद्धा सांगावं लागतं तिला. मासे तेवढे सांगावे लागत नाहीत. ते काढून घेतलं तर तिच्यापाशी राहिलं काय?"

मासेवाली बराच वेळ ती नळी धूत राहिली.

"त्यांना थांबवता येत नसेल तर पाण्यालाच सोसेल असं करायला हवं," ती शेवटी म्हणाली. "टाकीखाली कपाट आहे ना? त्यात आणखी एक छोटी टाकी बसवायची. वरचं पाणी खाली उतरतं, तिथं शेवाळातून फिरतं, पंपानं परत वर जातं. वरची सगळी घाण म्हणजे त्या शेवाळाचं खत. ते वाढलं की मूठभर उपटून टाकायचं, म्हणजे घाण घराबाहेर गेली. रेफ्युजियम म्हणतात त्याला. बारीक किडे, कोळंबीची पिल्लं तिथं सुखानं राहतात, वरचे मासे त्यांना खायला येऊ शकत नाहीत. आसराच म्हणा ना."

"किती सोसेल?"

"ते मी कसं सांगू?"

"तुम्ही बसवून द्याल?"

"माझा कारागीर सोडून गेला. काचा कापून मिळतील, शेवाळ मी देते, पाणी उतरवायचा डबा देते. चिकटवायचं तुम्ही. केसाएवढा काटा जुळवता, काच नाही जुळणार?"

"बुरशीचं औषध घातलेलं सिलिकॉन घ्यायचं नाही," मागून बायको म्हणाली. "मरतात त्यानं."

दोघांनी वळून पाहिलं. ती काचेला नाक लावून एका निळ्या माशाकडे बघत होती. मासेवालीनं मान हलवली. "बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. काटेवाल्यानं बायकोला आणखी काहीबाही विचारून पाहिलं, पण ती नुसती हसली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, मी एक जागा बघून आले. चांगली माणसं आहेत, आईकडे नीट लक्ष देतील. आणि तुम्ही हे काचा चिकटवायचं काय काढलंय?"

"थोडे दिवस दे मला. पाणी स्वच्छ होईल."

"पाण्याचं काय घेऊन बसलात? त्या टाकीवर पडली बिडली म्हणजे?"

"अगं, ती सगळं विसरलीय, पण मासे नाही विसरली."



"मला विसरली, बाबा," मुलगी म्हणाली.

महिनाअखेरीस येते, तेव्हा काय ते ठरवू, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

काचवाल्याकडून कापलेल्या काचा आल्या. त्यानं जमिनीवर चादर अंथरली, काचांच्या कडा पुसल्या आणि सिलिकॉनची धार सोडत पेटी उभी केली. व्हिनेगरसारख्या वासानं खोली भरून गेली. सुकायला लागतात तेवढे दिवस धीर धरून त्यानं ती न्हाणीघरात नेली आणि नळाचं पाणी भरलं. एका कोपऱ्यातून थेंब आला. त्यानं त्यावर आणखी सिलिकॉन थापलं. पुन्हा थेंब आला. मासेवालीला फोन केल्यावर कळलं की सुकलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही, सगळं खरवडून पहिल्यापासून करायला हवं. पातं घेऊन त्यानं कडा खरवडल्या. बोटं कापली. महिनाअखेर जवळ येत होती, आणि वर टाकीत नारिंगी जोडीतली मादी कोपऱ्यात धापा टाकत होती.

दुसऱ्या खेपेला बाहेरच्या चार काचा सरळ बसल्या. आता आतल्या काचा बसवायच्या होत्या. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात शांतपणे जावं, शेवाळ पंपात ओढलं जाऊ नये, म्हणून मधे तीन काचा उभ्या करायच्या. दोन लागल्या. तिसरी काच दोन्ही हातांनी दाबून धरून तो गुडघ्यांवर बसला होता. सिलिकॉननं धरेपर्यंत हलायचं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली.

"कोण आहे? अगं, कुठं चाललीस?"

उत्तर नाही. जिन्यावर चपला वाजल्या.

"थांब. मी आलो. थांब तिथंच."

तिनं ऐकलं नाही. तो हातातल्या काचेकडे बघत राहिला. सोडली तर पडेल, फुटली तर बाहेरच्या काचांनाही तडा जाईल. चपलांचा आवाज खाली खाली गेला. त्यानं काच सोडली आणि अनवाणी धावला.

रस्त्याच्या कोपऱ्यावर ती नव्हती. औषधांच्या दुकानात नव्हती. भाजीवाल्याला विचारलं तर त्यानं भलतीकडेच हात दाखवला. तो इकडून तिकडे पळत राहिला, हाताला सिलिकॉन, पायाला खडे, आणि तोंडानं तिचं नाव. हाका मारून मारून घसा बसला. शेवटी ती बसथांब्यावर सापडली. पर्स छातीशी धरून शहाण्यासारखी रांगेत उभी होती.

"मला उशीर झालाय," ती म्हणाली. "नमुने येऊन पडले असतील."

"आज सुटी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "विसरलीस का?"

"सुटी आहे?"

"हो. मला आत्ताच कळलं, म्हणून सांगायला आलो."

"एवढ्यासाठी पळत आलास? वेडाच आहेस." तिनं त्याचा हात धरला. तो चिकट होता. तिच्या बाहीला सिलिकॉनचे पाच डाग लागले, ते पुढे कधीच निघाले नाहीत.

घरी येऊन पाहिलं तर तिसरी काच पडली नव्हती. एका बाजूला झुकली होती आणि तशीच धरली होती. आयुष्यात त्यानं एकही काटा वाकडा सोडला नव्हता. ती काच त्यानं वाकडीच राहू दिली.

पुढच्या आठवड्यात खालची टाकी कपाटात बसली. पेटी गळली नाही. वरच्या टाकीच्या काठाला पाणी उतरवायचा डबा लागला, पाइप लागले, पंप लागला. मासेवाली स्वतः पिशवीतून शेवाळ घेऊन आली. भांडी घासायच्या तारेचा हिरवा गुंता असावा तसं ते दिसत होतं. तिनं ते मधल्या कप्प्यात सोडलं, वर छोटा दिवा लावला, पंपाचं बटण दाबलं. वरून पाणी खाली उतरायला लागलं, कप्प्याकप्प्यांतून फिरलं, वाकड्या काचेवरूनही नीट वाहिलं आणि पाइपातून वर गेलं. काटेवाल्याला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी तो हसत होता.

दोन दिवसांनी दुपारी वीज गेली.

तो आत बायकोला भरवत होता. बाहेर काही वाहतंय असा आवाज आला, पण त्याला वाटलं खालच्या टाकीचाच असेल. खालच्या मजल्यावरची बाई दार वाजवायला लागली तेव्हा तो उठला.

"आमच्या छतातून पाणी गळतंय," ती म्हणाली. "खारट आहे."

चव कशी कळली हे विचारायची ती वेळ नव्हती. बाहेरच्या खोलीभर पाणी झालं होतं. पंप बंद पडला होता, आणि ज्या पाइपानं पाणी वर जायचं त्याच पाइपानं ते उलटं खाली येत होतं. खालची टाकी भरून वाहत होती. वरची टाकी निम्म्यावर आली होती, उघडी पडलेली पोवळी ओल्या चिंध्यांसारखी लोंबत होती, उरलेल्या पाण्यात नारिंगी जोडी एकमेकांना धडकत होती. त्याच्या टेबलाखालची वजनांची पेटी पाण्यात होती.

त्यानं पाइप उपसून काढला. पाणी थांबलं. मग तो तिथंच, पाण्यात, बसला.

"मी पुसून देते," खालची बाई म्हणाली. "उठा तुम्ही."

"बास झालं," तो म्हणाला. बाईला म्हणाला की कुणाला, ते त्यालाही कळलं नाही. "बास. देऊन टाकतो सगळं. तिलाही देऊन टाकतो. माझ्याच्यानं नाही होत आता." आणि त्या परक्या बाईसमोर तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. बाई फडकं हातात धरून गोंधळून उभी राहिली.

बायको आतून आली. पाण्यातून चालत टाकीपाशी गेली. लोंबणारा पाइप हातात घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिला.

"भोक नाही पाडलंस," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

"इथं. पाण्याच्या रेषेच्या जरासं खाली." तिनं पाइपावर नख टेकवलं. "पाणी एवढं उतरलं की भोकातून हवा शिरते. मग ओढ तुटते. आणि खालची टाकी एवढी भरायची नसते रे. मोकळी जागा ठेवायची, वीज गेली तर पाणी कुठं मावेल? मी सांगितलं होतं तुला."

सांगितलं असेलही. ती जे सांगायची त्यातलं त्यानं तेव्हा किती ऐकलं होतं. तो उठला, सुरीचं टोक मेणबत्तीवर तापवून तिनं दाखवलं होतं तिथं पाइपाला भोक पाडलं. तोवर ती बाकावर जाऊन बसली होती आणि खोलीत एवढं पाणी कुणी सांडलं म्हणून रागावून विचारत होती.

मुलगी आली तोवर वरचं पाणी निवळलं होतं. मेली ती पोवळी गेलीच, पण दोन तग धरून होती आणि दुपारी थोडी उमलायची. नारिंगी जोडी पुन्हा वर येऊ लागली होती. मुलगी सामान दारातच ठेवून उभी राहिली. आईनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, डबा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"तुम्हाला टाकायचं का खाणं? सकाळपासून उपाशी आहेत."

मुलीनं बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "टाक. काही होत नाही. सोसतं आता."

मुलीनं चिमूटभर टाकलं. आईनं तिचा हात धरून आणखी टाकायला लावलं. ओल्या चुऱ्यानं माखलेला तो हात मुलीनं बराच वेळ धुतला नाही. ती चार दिवस राहिली. त्या जागेचं नाव तिनं काढलं नाही, त्यानंही नाही. जाताना ती म्हणाली, "भोक बुजत नाही ना बघत जा. मिठानं बुजेल."

मग काही महिने बरे गेले. बरे म्हणजे, ती आणखी विसरत गेली, रात्री झोपेना, एकदा त्याला चोर समजून तिनं त्याच्यावर कप फेकला. पण दिवसातून कितीही वेळा डबा कलंडला तरी पाणी निर्मळ राहिलं. दर रविवारी तो कपाट उघडून मूठभर शेवाळ उपटायचा आणि सवयीनं आपल्या काट्यावर ठेवायचा. दर खेपेला ते आधीपेक्षा जड भरायचं. मासेवालीकडे नेऊन द्यायचा, तेव्हा ती म्हणायची, "काय हो, शेती करताय की काय?" एवढं सगळं हिनं टाकलं आणि एवढं सगळं सोसलं गेलं, या विचारानं त्याला बरं वाटायचं. संध्याकाळी खालचा दिवा लागला की ती वरच्या माशांना सोडून उघड्या कपाटासमोर बसायची. शेवाळात बारीक किड्यांचे पांढरे ठिपके पळत. ती बोटानं एकेक दाखवायची.

पुढं शेवाळ हलकं भरायला लागलं. एका रविवारी उपटण्याजोगं काही निघालंच नाही. पुढच्या रविवारी त्याचा हिरवा रंग फिका पडला होता, कडेचे धागे पांढरे होऊन तुटत होते. त्यानं दिवा बदलला. पंप काढून धुतला. पाइपाचं भोक टाचणीनं साफ केलं. कशातच खोट सापडेना. खालच्या बाईला बायकोपाशी बसवून तो बाटलीत पाणी घेऊन मासेवालीकडे गेला. इतकं घाबरत तो पहिल्या दिवशीही गेला नव्हता.

नळीतलं पाणी पिवळसर राहिलं. लाली कुठंच नव्हती.

"एवढं स्वच्छ पाणी माझ्या दुकानात नाही," मासेवाली म्हणाली. "शेवाळ उपाशी आहे तुमचं. त्याला खायला काही उरलंच नाही. खाणं कोण टाकतं हल्ली?"

"तीच की," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

तिच्या हातात डबा त्यानं शेवटचा कधी पाहिला? मुलगी येऊन गेली तेव्हा नक्की. पावाचा तुकडा तिच्या घशात अडकला त्या आठवड्यात? तेव्हाही बहुतेक. नंतर तिला उठवणं, बसवणं, धुणं, पुसणं यात दिवस कसे सरले, ते कळलं नव्हतं. सकाळी तो स्वतः जाता येता एक चिमूट टाकायचा. माशांना तेवढं पुरत होतं. ती बाकावरून उठत नाही, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्याला दिसलं नव्हतं.

मासेवालीनं नळी खाली ठेवली.

"खाणं वाढवा थोडं," ती म्हणाली. "तुम्ही टाका. नाहीतर शेवाळ जाईल, मग आतले जीवही जातील."

"बरं."

"सोबत येऊ का घरी?"

"नको. भर दुपारी दुकान कशाला बंद करता?"

घरी आल्यावर त्यानं खालच्या बाईचे आभार मानून तिला पाठवलं. बायको बाकावर होती. हात मांडीवर, डोळे टाकीकडे, पण मासे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले तरी डोळे त्यांच्यामागे जात नव्हते. तो तिच्यासमोर बसला, डबा तिच्या हातात दिला. तिनं तो धरून ठेवला, जसा कुणी दिलेला कुठलाही डबा धरावा.

"भूक लागलीय त्यांना," तो म्हणाला. "सकाळपासून उपाशी आहेत बघ."

तिनं डबा त्याला परत दिला.

तो टाकीपाशी गेला. झाकण काढलं. चिमूटभर टाकलं. नारिंगी जोडी वर आली. त्यानं आणखी टाकलं. मग मासेवालीनं सांगितलं होतं म्हणून डबा थोडा कलता केला, आणि चुरा पाण्यावर दाट पसरून खाली जायला लागला.

"अहो."

तो वळला. ती त्याच्याकडे बघत होती. कपाळाला आठी पडली होती.

"एवढं नका टाकू," ती म्हणाली. "पाणी बिघडतं. त्यांचं काय, ते मागतच राहतात."

कडाक्याच्या भांडणातसुद्धा तिनं त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"माझ्या लक्षात नाही आलं," तो म्हणाला. "आता नाही टाकत."

"नवीन आहात का? होतं असं सुरुवातीला. शिकाल हळूहळू."

त्यानं डब्याला झाकण लावलं. हात पुसले. वरचा चुरा तळाला पोचला होता आणि पाणी खाली उतरत होतं. त्याला एकदम फार दमल्यासारखं झालं. बाकापर्यंत जाऊन तो उभा राहिला.

"इथं बसलो तर चालेल?" त्यानं विचारलं.

"बसा की," ती म्हणाली, आणि जरा सरकून तिनं त्याला जागा करून दिली.